उजवीकडचे एकतीस अंश

सामी अण्णांना माती देऊन झाल्यावर पोन्मलैच्या चर्चच्या आवारात लोक खुर्च्यांवर बसले आणि कुणीतरी नागलिंगम यांच्या हातात माईक दिला.

"सर, तुम्ही कॉलेजातले. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंत. दोन शब्द बोला."

नागलिंगम उठले. जन्मभर वर्गात बोलले होते, पण फळ्याकडे तोंड करून. माणसांकडे तोंड करून बोलायची वेळ आली की त्यांना दोनच वाक्यं सुचायची. ते म्हणाले, "आरोक्यसामींना मी फारसा ओळखत नव्हतो." मग थांबले. लोकांना वाटलं, आता पुढे काहीतरी मोठं येणार. "खरंच नव्हतो," एवढं म्हणून ते खाली बसले.

मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बिचाऱ्याला दुःखाने शब्द फुटेना."

दुःख होतंच. पण ते बोलले ते दुःखाने नव्हे, ते साधं खरं होतं. सामी अण्णा चर्चच्या बँडमध्ये पस्तीस वर्षं सगळ्यांत मोठा पितळी भोंगा वाजवत होते, हे त्यांना त्याच सकाळी कळलं होतं. अण्णांना तीन मुली होत्या हेही. नागलिंगम यांच्या समजुतीप्रमाणे दोनच होत्या. त्यांना अण्णांचं अक्षर ठाऊक होतं आणि दुपारच्या डब्यात काय असायचं ते ठाऊक होतं. यातली दुसरी गोष्ट कळायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि तेवढ्यात त्यांची डॉक्टरेट जाता जाता वाचली.

त्रिचीहून तंजावरकडे जाताना तुवाक्कुडीच्या पुढे एक इंजिनियरिंग कॉलेज आहे. नागलिंगम तिथे सोळा वर्षं अधिव्याख्याता होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं बाहेरून डॉक्टर होऊन परत आली, त्यांच्या डोक्यावर विभागप्रमुख होऊन बसली आणि तरीही त्यांना बघून उठून उभी राहायची, याचं नागलिंगम यांनाच जास्त अवघडल्यासारखं व्हायचं. मग संस्थेने फर्मान काढलं: येत्या जूनअखेर ज्यांच्या नावापुढे डॉक्टर लागणार नाही, त्यांनी संस्थेच्या पुदुक्कोट्टैच्या तंत्रनिकेतनात जाऊन पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवावं. नागलिंगम तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. टी-स्क्वेअर खांद्याला लावून पुदुक्कोट्टैच्या बसमध्ये चढणारे आपण, हे चित्र त्यांना जेवतानाही दिसू लागलं.

त्यांचा विषय होता धातू न वितळवता जोडण्याचा. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी घट्ट आवळायच्या आणि मधल्या फटीत पोलादाचं एक बोथट, गरगर फिरणारं अवजार दाबून पुढे सरकवत न्यायचं. घासण्याच्या उष्णतेने धातू लोण्यासारखा मऊ होतो, अवजार त्याला रवीसारखं घुसळतं, आणि मागे दोन पट्ट्यांची एक पट्टी झालेली असते. ठिणगी नाही, धूर नाही. नागलिंगम यांना तर तेवढंही बघायला नको होतं. त्यांचं काम संगणकावर होतं. तीच पट्टी, तेच अवजार, तेच घासणं संगणकात आकड्यांनी उभं करायचं आणि कुठे किती तापेल ते आधीच सांगायचं. पडद्यावर पट्टी निळी दिसायची, अवजाराभोवती हिरवी, पिवळी आणि मधोमध लालभडक.

खरी पट्टी जोडायचं काम खाली वर्कशॉपमध्ये सामी अण्णांकडे होतं. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते कॉलेजात लागले होते, दरवर्षी जूनमध्ये प्राचार्यांची सही झाली की पुढचं वर्ष, अशा करारावर. बुटके, काळेभोर, कानात केसांचे झुपके. एका जुन्या उभ्या मिलिंग मशीनला त्यांनी या कामासाठी तयार केलं होतं आणि त्याच्याशी ते सुनेशी बोलावं तसं बोलत. संगणकाच्या कामाला ते 'कार्टून' म्हणायचे आणि नागलिंगम यांना 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ.

"तंबी, आज कार्टून काय म्हणतंय?"

"गणित अजून लावायचंय, अण्णा. उद्या सकाळी दहापर्यंत होईल."

"कधी लावणार?"

"आज रात्री आठला लागेल. चौदा तास."

"मी हे नव्वद सेकंदांत करतो," सामी अण्णा म्हणायचे. "तुमचं कार्टून त्याला चौदा तास घेतं, आणि वर चुकतं."

चुकायचं, हे खरं होतं. पट्टीवर डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन अशा तापमान मोजणाऱ्या तारा चिकटवलेल्या असत. डावीकडचे आकडे संगणकाशी तंतोतंत जुळायचे, चार-पाच अंशांचा फरक. उजवीकडे मात्र प्रत्यक्षातली पट्टी गणितापेक्षा एकतीस अंशांनी थंड. कधी एकोणतीस, कधी चौतीस, पण थंडच.

मार्गदर्शक डॉ. तिरुमलै बारीक आवाजात बोलणारे गृहस्थ होते, आणि ते जितकं हळू बोलत तितकं त्यांचं म्हणणं पक्कं असायचं. "नागलिंगम," ते पुटपुटले, "दोन्ही बाजूंना फरक दहाच्या आत आल्याशिवाय मी सही करणार नाही."

नागलिंगम यांनी घर्षणाचा आकडा बदलला. उजवीकडचं जुळलं, तर डावीकडचं बिघडलं. पट्टीखालून उष्णता किती झिरपते तो आकडा बदलला, दोन्हीकडचं बिघडलं. फिरत्या अवजाराची एक बाजू पुढे जाताना घासते आणि दुसरी मागे येताना, त्यामुळे दोन्हीकडे थोडा फरक असतोच, हे पुस्तकात होतं. पण पुस्तकात तो फरक पाच-दहाचा होता. शेवटी नागलिंगम यांनी कंटाळून या एकतीस अंशांवर एक आख्खं प्रकरण लिहिलं आणि कोयंबत्तूरच्या परिषदेत वाचलं. वाचून झाल्यावर एक प्राध्यापक उठून म्हणाले की त्यांच्याकडेही उजवी बाजू थंडच असते. ते नुसतेच भल्या स्वभावाचे आहेत हे नागलिंगम यांना पुढे कळलं.

आता कुणीही विचारेल की हा माणूस दोन वर्षं खाली जाऊन मशीन चालताना बघत का नव्हता. त्याचं कारण जेवण. सकाळ-दुपार मशीनवर पोरांचे वर्ग असायचे, म्हणून नागलिंगम यांच्या पट्ट्या दुपारच्या सुट्टीतच जोडाव्या लागत. आणि नागलिंगम यांना पोटाचा अल्सर होता. साडेबारा म्हणजे साडेबारा, दहीभात पोटात गेलाच पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे वर्कशॉपमध्ये पट्टी जोडली जात असे तेव्हा ते वरच्या भोजनगृहात दहीभात कालवत असत. शिवाय वर्षामागे एकदा ते मशीनजवळ उभे राहिले असताना धातूचा तापलेला एक किस उडून त्यांच्या शर्टाच्या खिशात गेला होता आणि पेन वितळलं होतं. हे कारण ते कुणाला सांगत नसत.

आकडे दुपारी कागदावर येत. नागलिंगम यांनी त्यासाठी चांगला चाळीस रकान्यांचा तक्ता छापून दिला होता. सामी अण्णांनी तो तीन दिवस वापरला, मग म्हणाले, "तंबी, यातली घरं इतकी बारीक आहेत की माझा आकडा शेजारच्या घरात राहायला जातो." त्यानंतर ते घरच्या भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरचं रोजचं पान फाडून आणत आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर तारीख आणि सहा आकडे लिहीत. नागलिंगम यांनी ती पानं पुठ्ठ्याच्या डब्यात साठवली. पुढची बाजू त्यांनी कधी पाहिली नाही. चर्चच्या कॅलेंडरशी त्यांना काय काम?

मे महिना उजाडला. पुदुक्कोट्टैला दोन महिने उरले. त्या दिवशी नागलिंगम यांनी दोन वर्षांची बासष्ट पानं घराच्या ओसरीवर पसरली आणि जी जुळतात ती एकीकडे, जी जुळत नाहीत ती दुसरीकडे, असे दोन गठ्ठे केले. जुळणारी निघाली एकोणीस. आणि ती तारखेने लावल्यावर नागलिंगम यांना दिसलं: ती सुटी सुटी नव्हती. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सगळी, आणि या वर्षी पुन्हा तशीच ओळीने.

"हवा!" ते ओरडले. "सिवगामी, ही हवेतली आर्द्रता आहे!"

त्यांची बायको सिवगामी पापड वाळत घालत होती. "मग या वर्षी हवा लवकर आली की काय? यंदाची पानं पंधरा दिवस आधी सुरू होतायत," ती ओणवी होऊन म्हणाली. तिने एक पान उचललं, वाऱ्याने ते उलटलं, आणि तिने पुढची बाजू वाचली. "हे काय? 'तपकाळ, दिवस अकरावा.' हे बघा, हे पण. 'दिवस एकोणिसावा.' तुमची जुळणारी सगळी पानं उपासातली आहेत."

नागलिंगम यांनी एकोणीसच्या एकोणीस पानं उलटी केली. प्रत्येकावर तेच. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ. ईस्टर झाला की दुसऱ्या आठवड्यात उजवी बाजू पुन्हा एकतीस अंशांनी थंड.

नागलिंगम शैव. रोज कपाळाला विभूती लावणारे. ॲल्युमिनियम ईस्टरपूर्वी चाळीस दिवस गणिताप्रमाणे वागतं आणि ईस्टरनंतर बिघडतं, हे विद्यापीठाला कसं लिहून कळवायचं ते त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोळा वर्षांत पहिल्यांदा साडेबाराचा दहीभात सोडला आणि वर्कशॉपमध्ये गेले. मशीन घुमत होतं. अवजार पट्टीत शिरून सरकत होतं. सामी अण्णा स्टुलावर बसून घड्याळ बघत होते. आणि उजवीकडच्या पट्टीवर, दोन आवळण्यांच्या मधोमध, अगदी तापमानाच्या तारांना खेटून, एक स्टीलचा डबा होता.

"अण्णा, हे काय?"

"कुठे काय?"

"हा डबा."

"डबा आहे," सामी अण्णा म्हणाले. मशीन थांबलं. त्यांनी पंच्याच्या टोकाने डबा धरून उचलला. आत काहीतरी रटरटत होतं. "या, बसा तंबी. तुम्ही खात नाही, पण वास घ्यायला हरकत नाही."

माशाचं कालवण होतं. चिंचेचं, भरपूर तेलाचं, वर कढीपत्ता.

"हा रोज इथे असतो?"

"मग कुठे असणार? वरच्या भोजनगृहात गरम करायची शेगडी आहे, पण दारावरच पाटी आहे ना, संस्थापकांची. मांस-मासे आत आणू नयेत. आणि तुम्ही माझी जेवायची सुट्टी तुमच्या पट्ट्यांना दिलीत. मी म्हटलं, पट्टी फुकट तापतेच आहे."

"आणि तपकाळात?"

"तपकाळात मी दुपारचं जेवत नाही. त्यात कसला डबा?"

नागलिंगम तिथल्या दुसऱ्या स्टुलावर बसले. दोन वर्षं, बासष्ट पानं, एक प्रकरण आणि कोयंबत्तूर. डबाभर कालवण रोज त्यांच्या उजव्या बाजूची उष्णता पिऊन टाकत होतं.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "माझ्या तक्त्यात 'इतर' म्हणून एक रकाना होता."

"होता की. मी तिन्ही दिवस तिथे 'काही नाही' लिहिलं."

"डबा 'इतर'मध्ये लिहायचा ना!"

सामी अण्णा खरोखरच दुखावले. "डबा 'इतर' कसा, तंबी? डबा रोजचा आहे. एखाद दिवशी नसता तर लिहिलं असतं."

"मग तपकाळात तरी लिहायचं, की आज डबा नाही!"

"नसलेल्या डब्याबद्दल काय लिहिणार?"

"निदान डावीकडे तरी ठेवायचा," असं नागलिंगम उगाच म्हणाले.

"डावीकडे चाक आहे. हात लागतो."

बासष्ट पट्ट्या पुन्हा जोडायला वेळ नव्हता. तेव्हा नागलिंगम यांनी उलटं केलं: डबाच संगणकात घातला. त्यासाठी डब्याचं माप घेतलं, रिकाम्या आणि भरलेल्या डब्याचं वजन केलं, पत्र्याची जाडी मोजली. कालवण किती पातळ हा प्रश्न अडला. सामी अण्णांनी बायकोला फोन लावून दिला.

"अम्मा, माशाचं कालवण साधारण किती दाट करता?" नागलिंगम यांनी विचारलं.

"का?" लूर्दम्माळ म्हणाल्या. "नवरा काही म्हणाला का?"

"नाही, नाही. मला गणितासाठी पाहिजे."

"ओतलं तर वाहतं, थांबवलं तर थांबतं. एवढं पुरे ना तुमच्या गणिताला?"

पुरलं. चौदा तासांनी उत्तर आलं. उजवीकडचा फरक तीन अंश. बासष्टपैकी त्रेचाळीस पानं डब्यासकट जुळली, एकोणीस डब्याविना. नागलिंगम जिना उतरून जवळजवळ पळत खाली गेले.

"म्हणजे," सामी अण्णा सगळं ऐकून म्हणाले, "तुमच्या कार्टूनला दोन वर्षं कळत होतं, की तिथे काहीतरी ठेवलंय?"

"एका अर्थी हो."

"मग ते तुमच्यापेक्षा हुशार आहे."

डॉ. तिरुमलैंनी सही केली. सही करताना मात्र ते नेहमीपेक्षाही हळू बोलले, म्हणजे भीतीच वाटावी इतकं. "परीक्षक विचारतील, डबा कुणाचा. प्राचार्य समोर बसलेले असतील. आणि वर्कशॉपची करारपत्रं त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर असतात. बघा."

नागलिंगम यांना ते आधीच दिसलं होतं. कॉलेजच्या आवारात मासा शिजत नाही, मासा गरम होत नाही, हा संस्थापकांचा नियम. आणि तो त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच पट्टीवर, दोन वर्षं रोज गरम होत होता. त्यांना पुदुक्कोट्टैला जायचं नव्हतं. पण स्वतः डॉक्टर होऊन सामी अण्णांना घरी पाठवायचंही नव्हतं. प्रबंधात त्यांनी लिहिलं: 'पट्टीच्या उजव्या भागावर एक दंडगोलाकार धातूचं पात्र होतं, ज्यात जलीय मिश्रण होतं.' हे वाक्य त्यांनी अकरा वेळा लिहिलं, आणि प्रत्येक वेळी त्यातून माशाचा वास आला.

तोंडी परीक्षेच्या आठ दिवस आधी सामी अण्णांनी विचारलं, "तंबी, माझं नाव घेणार का तिथे?"

"नाही."

"मग डबा कुणाचा म्हणून सांगणार?"

नागलिंगम मशीनच्या चाकाकडे बघत राहिले. "सुचेल काहीतरी."

"हं," सामी अण्णा म्हणाले आणि कानातला केस ओढत बसले.

परीक्षक डॉ. पोन्नुदुरै चेन्नईहून आले. मोठं पोट, मोठा आवाज, मूळ नागपट्टणमच्या समुद्राकाठचे. प्राचार्य, डॉ. तिरुमलै आणि पाच-सहा प्राध्यापक समोर बसले. नागलिंगम यांनी पहिली चाळीस मिनिटं पडद्याकडे तोंड करून सांगितली आणि ती बरी गेली. मग पडद्यावर ती आकृती आली: निळी-पिवळी पट्टी, लाल अवजार आणि उजवीकडे एक गोल.

"हा गोल काय आहे?" डॉ. पोन्नुदुरै म्हणाले.

"दंडगोलाकार पात्र, सर."

"ते वाचलं मी. काय आहे ते?"

"डबा, सर."

"जेवणाचा?"

"हो, सर."

प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. डॉ. पोन्नुदुरैंचा चेहरा मात्र उजळला. "अहो, म्हणजे तुमच्या गणिताने जेवणाचा डबा शोधून काढला? वा! गणिताचा असा पडताळा मी आजवर बघितला नाही. काय होतं डब्यात? जलीय मिश्रण म्हणजे सांबार?"

नागलिंगम यांना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि सवय नसलेला माणूस एकच खोटं एका वेळी सांभाळू शकतो. "माशाचं कालवण, सर," ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारायच्या आधीच, "डबा माझा होता."

नागलिंगम यांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते. प्राचार्यांनी आधी पट्ट्यांकडे पाहिलं, मग आकृतीतल्या गोलाकडे.

"तुमचा?" प्राचार्य म्हणाले.

"माझा."

"तुम्ही मासे खाता?"

"दुपारचं," नागलिंगम म्हणाले.

डॉ. पोन्नुदुरै उठून उभे राहिले. "चला, खाली चला. मला हे डोळ्यांनी बघायचंय. आज आणलाय ना डबा?"

सगळे खाली गेले. सामी अण्णा तयारच होते. पट्टी आवळलेली, तारा चिकटवलेल्या आणि उजवीकडे डबा. नव्वद सेकंद मशीन घुमलं. आकडे आले, गणिताशी दोन अंशांच्या फरकाने जुळले. डॉ. पोन्नुदुरैंनी टाळ्या वाजवल्या. मग चिंचेचा आणि धन्याचा वास पसरला, आणि परीक्षकांमधला नागपट्टणमचा माणूस जागा झाला.

"एक वाजला. नागलिंगम, तुम्ही जेवा. आमच्यामुळे तुमचं जेवण का गार व्हावं? उरलं तर मलाही एक तुकडा."

सामी अण्णांनी झाकण काढलं. लालसर रश्श्यात तिरके कापलेले चार जाड तुकडे होते. प्राचार्य बघत होते. नागलिंगम यांना आपली शेवयांसारखी बारीक, सात पिढ्यांची शाकाहारी आई आठवली. त्यांनी डोळे मिटले, तुकडा तोंडात टाकला आणि चावला.

चावल्यावर डोळे उघडले. मग आणखी एकदा चावलं.

डॉ. पोन्नुदुरैंनीही एक तुकडा उचलला होता. त्यांचा चेहरा पडला. "हे केळं आहे!"

"कच्चं केळं, सर," सामी अण्णा अदबीने म्हणाले. "शैव लोकांचं माशाचं कालवण. मसाला तोच, काप तसेच, मासा तेवढा नाही. नागलिंगम सर हेच खातात. नियम कसा मोडतील?"

प्राचार्यांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. नियमात केळ्याबद्दल काही नव्हतं. डॉ. पोन्नुदुरै मात्र खिन्न होऊन हात धुवायला गेले, आणि त्या खिन्नतेतच त्यांनी नागलिंगम यांना डॉक्टर केलं.

बातमी नागलिंगम यांच्या आधी घरी पोचली होती, आणि अर्धीच. सिवगामी दारातच उभी होती. "आधी आंघोळ करा."

"अगं, ते केळं होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग तुम्ही ते मासा म्हणून खाल्लंत की केळं म्हणून?"

नागलिंगम यांनी आंघोळ केली. या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजूनही देता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सामी अण्णांना विचारलं, "अण्णा, मी डबा माझा म्हणेन हे तुम्हाला कसं कळलं?"

"आठ दिवस तुमच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी म्हटलं, माणूस पहिल्यांदाच खोटं बोलणार आहे, त्याच्या पोटात तरी काही भलतं जाऊ नये. लूर्दम्माळ म्हणाली, केळ्याचं करते. गणिताला फरक पडला का?"

"नाही. गणिताला केळं आणि मासा सारखेच."

"मग तेवढं हुशार नाही ते," सामी अण्णा म्हणाले.

त्या जूनमध्ये प्राचार्यांनी सामी अण्णांच्या करारावर सही केली, आणि पुढची चार वर्षंही. नागलिंगम पुदुक्कोट्टैला गेले नाहीत. डॉक्टर झाल्यावर संगणकावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की मशीनच्या टेबलावर डबा कुठे ठेवला तर तापमानाला धक्का लागणार नाही. अठ्ठावीस तासांचं गणित. जागा निघाली टेबलाच्या पार टोकाला. तिथे त्यांनी पिवळ्या रंगाने एक वर्तुळ काढलं. सामी अण्णांनी ते बघितलं, त्यात डबा ठेवला आणि अर्ध्या तासाने झाकणाला हात लावून म्हणाले, "तंबी, इथे माझा डबा लग्नाला आलेल्या विधवेसारखा कोपऱ्यात बसलाय. गरमच होत नाही." तेव्हापासून डबा वर्तुळातून रोज बोटभर पट्टीकडे सरकायचा, आणि नागलिंगम रोज येऊन तो परत वर्तुळात ठेवायचे. साडेबाराला दहीभाताचा डबा घेऊन ते आता तिथेच, दुसऱ्या स्टुलावर बसत. फार बोलणं व्हायचं नाही. मशीनच्या आवाजात बोलायचं तरी काय? म्हणून त्या भोंग्याबद्दल त्यांना कधी कळलं नाही. तिसऱ्या मुलीबद्दलही नाही.

त्या पुठ्ठ्याच्या डब्यातलं सगळ्यांत वरचं पान एका शुक्रवारचं आहे. त्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं म्हणून नागलिंगम यांना अर्ध्यातून उठावं लागलं होतं. पानामागे सहा आकडे आहेत, नेहमीच्या मोठ्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. डावीकडचे तीन बरोबर. उजवीकडचे तीन, गणितापेक्षा सहा अंशांनी कमी. सोमवारी सामी अण्णा आले नाहीत.

त्या शुक्रवारी उठून जाताना दारातून नागलिंगम वळून म्हणाले होते, "अण्णा, डबा वर्तुळात आहे ना?"

"आहे, आहे," सामी अण्णा म्हणाले. "जा तुम्ही."